मले आणि मला

तायडे मॅडम वर्गात यायच्या, प्रणालीच्या बाकावर तिला खेटून बसायच्या आणि डोळे मिटून घ्यायच्या. पहिल्यांदा मला वाटलं, बाई झोपली. झोपली असती तरी नवल नव्हतं. तालुक्याच्या मालेगावहून एसटीत उभ्यानं आमच्या जऊळक्याच्या शाळेत पोचेस्तोवर माणसाचा भुगा होतो. तास संपल्यावर म्हणाल्या, "सर, फळ्याकडं पाहा, फळ्याकडं पाहा, लय चाललं तुमचं. आमा दोघींले तं काईच नाई दिसलं."

त्या दिव्यांग मुलांच्या फिरत्या शिक्षिका. तालुक्यातल्या किती शाळा त्यांच्या गळ्यात होत्या, देव जाणे. "थकल्या का मॅडम?" विचारलं की म्हणायच्या, "थकाले बी टाइम लागते, सर."

प्रणाली जन्मापासून आंधळी, पण हुशार. त्या साली दहावीला होती. पास झाली तर पुढं शीक, नाही तर घरी बस, असं बापानं साफ सांगितलेलं. तिला लेखनिक मिळवून देताना मॅडमनी मुख्याध्यापकांचं डोकं खाल्लं. शेवटी नववीतली शिफा लिहायला मिळाली. मॅडमनी तिला बजावलं, "प्रणाली बोलन तेच लिवजो. आपलं शायनपन त्यात घालू नको."

शिफानं अक्षरशः तेच केलं. सराव परीक्षेत मराठीचा पेपर माझ्याकडं आला, तर निबंधात सुंदर अक्षरात लिहिलेलं : 'आमची शाया लय मोठी हाये. मले ते लय आवडते.' मी गुण कापले. कापणार नाही तर काय! बोर्डाचा परीक्षक काही आमच्या गावचा जावई नव्हता.

मॅडमनी पेपर माझ्या हातातून घेतला, निबंध वाचला. मग म्हणाल्या, "सगळेच पोरं मनात 'मले' म्हनतात, सर. त्याइचा हात 'मला' लिवते. हिचा हात हिच्या तोंडातच हाये, तं हे काय करन?"

मोठाच वैताग होता तो. मूळची मंगरूळपीरची ही बाई, जिच्या स्वतःच्या तोंडातून कधी शुद्ध वाक्य निघालं नाही, ती त्या दिवसापासून प्रणालीशी पुस्तकासारखं बोलायला लागली. "प्रणाली, तू जेवलीस का?" ऐकून आम्ही स्टाफरूममध्ये हसायचो. घरीही तसंच बोलायचं, असा मॅडमचा हुकूम. तिची आई मला म्हणाली, "सर, माई पोरगी कलेक्टरीनबाईवानी बोलून राह्यली. मले तिच्यासंग बोलाची लाज वाटते." मॅडमना हे सांगितलं तर म्हणाल्या, "पेपर होऊ द्या, मंग भांडू." आवाजात भांडायचा दमही नव्हता.

प्रणाली पास झाली. चांगली पास झाली. बापानं स्वतः पेढे आणले आणि अकरावीचं नाव काढलं. मॅडमची मात्र त्याच उन्हाळ्यात दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाली. निरोप घ्यायला आल्या तेव्हा चेहरा पार उतरलेला. स्टँडपर्यंत मी आणि प्रणाली सोबत गेलो.

"मॅडम, मी आपली अत्यंत आभारी आहे," प्रणाली म्हणाली.

"झाला व माय पेपर. आता मायासंग घरच्यावानी बोल."

पोरगी हळूच म्हणाली, "बोलता येतं, मॅडम. पण कुणी लिहून घेत असेल तर?"

मॅडमनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि आपले दोन्ही तळवे तिच्या हातात दिले.

"पाह्य बरं. पेन हाये का कुठी?"

प्रणालीनं एकेक बोट चाचपून पाहिलं. बस येऊन लागली, कंडक्टर ओरडायला लागला, तरी तिनं हात सोडले नाहीत.

"मंग नोका जाऊ ना, मॅडम," ती म्हणाली. "मले करमनार नाई."