भट्टीत गेलेले बूट

"तात्या, आवं घासून देतो की! ब्रशनं, पाण्यानं, म्हनशिला तसं. पर जाळू नगा."

"पाण्यानं सोनं निघतंय व्हय? वरनं सगळी जाळीच हाय ही," त्र्यंबकतात्यानं बूट उजेडाला धरले. "भीमसेना, अठरा वर्सं झाली तुला या कामात. आन् बूट घालून आत हिंडलास? दूधखुळा हैस का काय?"

गावापासून लांब, दक्षिणेतल्या जॉर्ज टाउनातलं तात्याचं गलाईचं दुकान म्हणजे इनमीन एक खोली. सराफांचं सोनं आटवायचं, शुद्ध करायचं. जमिनीवर सोन्याची धूळ सांडते, म्हणून आत अनवाणी वावरायचं. आतलं पोतं, झाडू, फडकं काही बाहेर जात नाही. जाळून राखेतनं कण काढायचे. गलाईवाल्यांच्या विट्याकडच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक.

पण तेजाबाच्या धुरानं भीमसेनची छाती पोखरली होती. डॉक्टर म्हणाला, वर्षभरात भट्टी सोड, नाहीतर गावाकडं निरोप धाडून ठेव. त्याच शहरातल्या पेरुंगुडीचा कुशल, ओळखीचा मराठी कंप्युटरवाला, सुट्टीला माणसं घेऊन डोंगर तुडवायचा. एकदा भीमसेन त्यांचं ओझं वाहायला गेला. कातडी बुटात दुसऱ्याच चढाला धापा टाकत बसला. कुशलनं आपले जादाचे पळायचे बूट दिले, फोलपटासारखे हलके. मग गडी संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या पुढं.

"भीमसेनभाऊ, असलेच बूट घ्या," कुशल म्हणाला. "जवाधूच्या डोंगरात तीन दिवस असे चाललात, तर ओझं वाहायचं कायमचं काम तुमचं. पण आधी पंधरा दिवस पायात वागवा. नवे बूट फोड आणतात."

वागवायचे कधी? सकाळ ते रात्र दुकानातच. साठवलेल्या पैशांतनं भीमसेननं बूट घेतले, आणि तात्या गावी गेला होता म्हणून आतच घातले. आज तात्या आला. उद्या पहाटे निघायचं होतं.

"तात्या, छातीचं ठावं हाय न्हवं तुमास्नी? ह्यो एकच रस्ता हाय मला."

तात्यानं बूट त्याच्या हातात दिले. "ठावं हाय रं. पर आज तुजं सोडलं, तर उद्या बाकीचं चौघं गडीबी बूट चढिवत्याल. सराफाला काय सांगू? टाक तूच."

दुसरा जोड घ्यायला गाठीला काही उरलं नव्हतं. कातडी बुटात छाती फुटणार, अनवाणी जावं तर तेजाबानं सोललेली टाच खडकावर टेकणार नाही. भीमसेननं नाड्या सोडल्या, उगीच सरळ केल्या, आणि दोन्ही बूट भट्टीत घातले. रबराचा काळा धूर उठला. खोकून खोकून तो भिंतीला टेकला. कुशलला फोन लावला. "उद्याच्या मान्सांत मला धरू नगा," एवढंच बोलला.

"भीमा, मूस तापलीया, सोनं पातळ झालंय," तात्यानं हाक दिली.

भीमसेननं तोंडाला फडकं बांधलं, सांडशी घेतली आणि सोनं ओतायला वाकला.