तिकडचं नेट गेलंय

कबुली म्हटल्यावर जरा सरसावून बसलात ना? पोरीची भानगड असेल, नाहीतर ऑफिसात काहीतरी ढापलं असेल, असंच वाटलं ना? तसलं काही नाही. ही गोष्ट एका नेटवर्क कार्डाची आहे. उठून जायचं तर आत्ताच जा, मी रागावणार नाही. बसलात तर मात्र हे ऐकणारे तुम्ही पहिलेच. आईला सांगितलेलं नाही, मित्रांना नाही — ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच.

मी निपाणीचा. अभ्यासात बेताचा, नकलेत पहिला. हेडमास्तरांच्या आवाजात 'सोडा रे वर्ग!' म्हणून अख्खी सातवी घरी पाठवलेला माणूस. आता बंगळूरात, बेळ्ळंदूरला नोकरी करतो — लोकांची लिनक्स मशिनं अडली की फोनवर सोडवून द्यायची. राहतो तिथंच के. आर. पुरमला, अण्णा-अक्का या घरमालक जोडप्याच्या माडीवर. पिढ्यान्‌पिढ्या इथलेच मराठी ते. बोलण्यात निम्मं कन्नड. अण्णा मला 'तम्मा' म्हणायचे. म्हणजे धाकटा भाऊ.

अण्णांचा खरा धाकटा भाऊ हुबळीला होता, लेकीकडे. दत्तूकाका. घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. आता अशा माणसाशी फोनवर काय बोलणार? म्हणून दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल. अण्णांना कमी दिसतं, मोबाइलवर त्यांना नुसता ठिपका दिसायचा, म्हणून खालच्या खोलीतला मोठा कॉम्प्युटर. अण्णा तोंडानं बोलायचे, दत्तूकाका हातांनी, भुवयांनी. 'सरी', म्हणजे 'बरं', म्हणायचं असलं की अंगठीनं टेबलावर दोनदा टकटक. मी त्यांचीसुद्धा नक्कल करायचो — त्यांच्यासमोरच. मग त्यांचे खांदे हलायचे. हसण्याला आवाज नव्हता ना.

तो जुना कॉम्प्युटर मीच लिनक्स टाकून उठवला होता. चालत होता बिचारा. पण चित्र मधूनच अडकायचं, आणि मला शहाणपणा सुचला. ड्रायव्हर म्हणजे काय, तर सिस्टिम आणि कार्ड यांच्यामधला दुभाष्या. सिस्टिमचा स्वतःचा एक होता. मी बाहेरून दुसरा आणला आणि दोघं भांडू नयेत म्हणून एका फाईलमध्ये एक ओळ लिहिली — घरच्याला आत घ्यायचं नाही.

मग एका रविवारी, कॉलच्या आधी, उगाच अपडेट मारलं. सिस्टिमचा गाभा बदलला. नव्या गाभ्यावर बाहेरचा दुभाष्या बसेना, घरच्याला मीच बंदी घातलेली. कार्ड जागेवर, वायर जागेवर, नेट नाही. हे मला कळलं नसेल असं वाटतं तुम्हाला? याच कामाचा पगार घेतो मी. ती एक ओळ पुसायची होती, बस्स. पण अण्णा शेजारी बसलेले, आदल्याच दिवशी गल्लीभर सांगून आलेले — आमचा तम्मा असताना बिघडायची काय बिशाद! त्यांच्यासमोर 'मीच बिघडवलं' म्हणू? आणि बाहेर मित्र हॉर्न वाजवत होते.

म्हणालो, "अण्णा, आपलं ठीक आहे. तिकडचं नेट गेलंय."

"हो का? सरी. पुढच्या रविवारी बघू."

पुढच्या रविवारी का नाही दुरुस्त केलं? सोपं आहे. कॉल लागला असता तर दत्तूकाकांनी हातांनी पहिलं हेच विचारलं असतं — माझं नेट तर चालू होतं, तू कुठं होतास? माझा फोन वायरनं कॉम्प्युटरला जोडून त्याचं नेट देता आलं असतं — तेही दिलं नाही. नेट चालू झालं की माझं खोटं उघडं पडणार होतं, म्हणून मी नेट बंद ठेवलं. रविवारमागून रविवार.

अण्णा विचारायचे, "रागावला असेल काय रे? मागच्या वेळी औषधावरनं स्वल्प जास्तच बोललो मी."

मग मी दत्तूकाका व्हायचो. भुवया उडवायच्या, हात हलवायचा — छे, राग कसला! — आणि टेबलावर टकटक. अण्णा हसायचे, मग डोळे पुसायचे. किती सोय झाली होती माझी.

इथवर थांबता आलं असतं. पण अजून एक आहे — तेच खरं सांगायचंय.

एकदा अण्णा आंघोळीला गेलेले. अक्का बाजारात. अण्णांचा साधा फोन टेबलावर वाजला. हुबळीहून सुनीता, दत्तूकाकांची लेक. "मोठे काका, बाबा कधीचे बसलेत. लावताय ना कॉल?" 'अण्णा आंघोळीला गेलेत' एवढंच म्हणायचं होतं. पण मग ती पुन्हा फोन करणार, अण्णा उचलणार — आणि माझ्या तोंडून अण्णांचाच आवाज निघाला. हुबेहूब. "आज नको गं. स्वल्प कामात आहे मी. तू पण सारखा फोन करू नको, मीच लावीन."

तिचा फोन स्पीकरवर असावा; तिच्या मागून आवाज आला. टक. टक.

महिनाभरात दत्तूकाका गेले. झोपेतच. अण्णा-अक्का हुबळीला गेले तेव्हा मी खाली जाऊन ती ओळ पुसली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. नेट आलं. चहा उकळायला याहून जास्त वेळ लागतो.

दिवस करून ते परत आले. अक्कांनी माझ्यासमोरच विषय काढला — सुनीता सांगत होती, दत्तूभावजी दर रविवारी दाढी करून, शर्ट बदलून बसायचे. मोठे काका कामात आहेत म्हटल्यावर त्यांनीच लेकीला खुणावलं, आता फोन नको लावूस.

अण्णा म्हणाले, "असं म्हणालो होतो मी? आठवत नाही. वय झालं... म्हणालो असेन."

मी तिथंच उभा होतो, पाण्याचा तांब्या हातात घेऊन. तांब्या खाली ठेवला आणि वर निघून आलो.

पुढच्या रविवारी अण्णांनी हाक मारली. कॉम्प्युटरसमोर बसलेले, आंघोळ करून. म्हणाले, "तम्मा, एकदा दत्तूचं कर की."

"येत नाही अण्णा."

"येत नाही?" इतक्या वर्षांत त्यांचा आवाज कधी चढलेला ऐकला नव्हता मी. "दूधवाल्याचं येतं, तुझ्या साहेबाचं येतं, माझं पण करतोस, मला माहीत नाही होय? आणि माझ्या भावाचंच तेवढं येत नाही? एवढं मागितलं तुझ्याकडं, तेवढं पण होत नाही तुझ्यानं? कसला रे तम्मा तू! जा. जा वर."