गावाचा रकाना

घर बदलताना महिला मंडळाची जुनी वही सापडली. सहलीच्या पानावर सोलकढीचा गुलाबी डाग अजून आहे.

नव्वदच्या दशकात दुबईच्या करामा भागात राहायचो तेव्हाची ही यादी. रकाने माझेच: नाव, इमारत, गाव, पदार्थ. शेजारच्या इमारतीतल्या जुबेदाभाभी सहलीच्या दिवशी पहिल्यांदाच आल्या, सोलकढीचं पातेलं घेऊन. बोलणं थेट दापोलीचं. मी गाव लिहिलं आणि सहज विचारलं, "सुट्टीत जाता ना दापोलीला?"

"जाऊ कशी, बाय? फाळणीत अब्बा कराचीला गेले. माझा जन्म तिकडचा. व्हिसा देत नाहीत."

अध्यक्षबाई माझ्या कानाशी आल्या. "आपलं मंडळ भारतीयांचं आहे. नाव खोड."

भाभींनी ऐकलं. "खोडा हो. कराचीतही आम्हाला अजून मुहाजिर म्हणतात, बाहेरून आलेले. सवय आहे. फक्त दापोली खोडू नका." आणि पेले भरू लागल्या. "घ्या, ओल्या नारळाची आहे."

तेव्हा मला नियम म्हणजे नियम वाटायचा. मी नावावर पट्टीने सरळ रेघ मारली. कढी मात्र सगळ्यांनी मागून मागून प्यायली. भाभी रिकामं पातेलं घेऊन गेल्या, त्या परत आल्या नाहीत.

दुबईत वाढलेली माझी लेक कुणी विचारलं की "नेटिव्ह प्लेस चिपळूण" असं सांगते. तिथे ती जेमतेम दोन सुट्ट्या राहिली आहे. तिचं नाव आजवर कुणी खोडलेलं नाही.