हापूसचा उपास

मला सवत नव्हती. तरी त्या वर्षीच्या मे महिन्यात ताटं मांडली की एक बाई आमच्या घरात येऊन बसायची. गिरगावात तिची खानावळ होती. मी तिला जन्मात पाहिलं नव्हतं, तिला आमचं घर ठाऊक नव्हतं. पण घास तोंडात जायच्या आत हे तिचं नाव काढायचे. नाव म्हणजे नुसतं ‘बाई’. ‘बाई म्हणतात रात्रीचा भात नको.’ ‘बाई तूप नाही वाढत.’ ‘बाईंची भाकरी बघ, कशी पातळ असते.’ माझ्या हातची भाकरी खाता खाता दुसरीच्या भाकरीचं कौतुक! तवा फेकून मारावा असं वाटायचं.

हे मुंबईत एका कापडाच्या पेढीवर कारकून होते. मे महिन्यात रजा घेऊन रत्नागिरीला यायचे, बाकीचं वर्ष तिकडेच. आमच्या आळीत बहुतेक घरांची हीच तऱ्हा होती, तेव्हा त्याचं कुणाला काही वाटत नसे. माझा संसार काय तो त्या एका महिन्याचा. त्या महिन्यातही नवऱ्याशी धड बोलायला मिळेल तर शपथ. सासूबाई घरात, पोरं पायात, भेटायला येणाऱ्यांची रीघ. म्हणून मला जे बोलायचं असेल ते मी ताटात वाढायची. तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, वर तुपाची धार सोडलेल्या सांदणी, नारळाच्या रसात भिजवलेल्या शेवया. हे जेवून तृप्त झाले की वर्षाचं सगळं बोलून झाल्यासारखं वाटायचं.

आणि ह्यांचा देह तसा भरदार होता. लग्नात काडी होते, पुढे सुटले. गळ्याखाली दुसरी हनुवटी आली तेव्हा शेजारणींनी माझं कौतुक केलं होतं. नवऱ्याचं पोट पुढे आलं तर ती बायकोचीच शोभा, असा तेव्हा हिशेब होता. मीही मिरवून घेतलं. मात्र आदल्या वर्षी बोटीतून पडावात आणि पडावातून बंदरावर उतरल्यावर घराकडची चढण चढताना हे मध्येच कुंपणाच्या एका दगडी गडग्यावर बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. ओठ काळे पडले होते, असं बरोबरचा गडी म्हणाला. आमचे सासरे ह्यांच्याएवढेच असताना गेले होते, तेही भरल्या ताटावर, हातातला घास हातात राहून. सासूबाई ती गोष्ट कधी काढत नसत. पण गडग्याचं ऐकल्यावर त्या देवापाशी जाऊन बसल्या, आणि मला काय ते समजलं.

त्यानंतर मुंबईच्या डॉक्टरनं ह्यांना सांगितलं, खाणं अर्ध्यावर आणा, नाहीतर वडिलांच्या वाटेनं जाल. ते ह्यांनी मला तेव्हा सांगितलं नाही. खानावळवाल्या बाईला सांगितलं. तिनं ते मनावर घेतलं. पंगतीत ह्यांना कडेला बसवून मोजकं वाढायला लागली. त्या मे महिन्यात हे दारात उभे राहिले तेव्हा मी ओळखलंच नाही. कोट खांद्यावरून लोंबत होता. दुसरी हनुवटी गेली होती. चढण एका दमात चढून आले होते.

सासूबाईंनी गळा काढला, “किती रे वाळलास बाबा! मुंबईत खायाला मिळत नाय काय?”

“बरा झालोय आई,” हे हसत म्हणाले. “करगोटासुद्धा नवा बांधावा लागला, जुना गळून पडायला लागला.”

तो नवा करगोटा कुणी आणून दिला असेल, हा विचार माझ्या मनात आला. विचारायची सोय नव्हती. रात्रभर तो काळा दोरा माझ्या डोळ्यांपुढे होता. हे बरे दिसत होते, श्वास मोकळा होता, चेहऱ्यावर तरतरी होती. मी देवापुढे साखर ठेवायला हवी होती. पण ह्यांना बरं केलं ते दुसरीनं, हे मला गिळवत नव्हतं. मी वर्षानुवर्षं जीव ओतून वाढलं त्यानं माणूस गडग्यावर बसलं, आणि तिनं हात आखडता घेतला तर माणूस चढण चढलं! मग माझ्या रांधण्याला अर्थ काय राहिला? शेजारीण येऊन वर मीठ चोळून गेली, “तब्येत उतरली गो ह्यांची. तिकडं कोण बघणारं नाय वाटतं.” तिला काय ठाऊक, तिकडं बघणारं कुणीतरी होतं हेच माझं दुखणं होतं.

पहिले आठ दिवस घरात रोज रुसवेफुगवे. मी वाढायची, हे ताटावर आडवा हात धरायचे. मी सांदण केली तर एक तुकडा मोडून बाजूला ठेवला. मी म्हटलं, “बाईनं केली असती म्हणजे खाल्ली असतीत.” हे म्हणाले, “बाई करतच नाहीत.” एवढ्या शांतपणे म्हणाले की मला जास्तच झोंबलं. आळीतल्या बायकांचे नवरे वर्षाचं खाणं महिन्यात वसूल करत होते, त्यांच्या चुलींचा वास आमच्या अंगणापर्यंत येत होता, आणि माझी चूल असून नसल्यासारखी. मी हळूहळू स्वयंपाकातलं लक्षच काढून घेतलं. कसलं तोंडीलावणं आणि कसलं काय.

मग एके दिवशी ह्यांनीच सांगितलं की आठवड्यातले दोन दिवस नुसत्या फळांवर राहायचं असं डॉक्टरनं सांगितलंय. मुंबईत बाई ते पाळून घेतात, इथं तू घे.

माझ्या वाट्याला काहीतरी आलं हे बघून मी हरखले. बाईहून सरस पाळून दाखवीन म्हटलं. सासूबाईही हरखल्या, त्यांचा सोमवार होताच, त्याला शनिवार जोडला. फळांना आमच्याकडे मे महिन्यात काय तोटा! माळ्यावर पेंढ्यात हापूस पिकत होता. परसात कापा फणस होता, बरका होता. शहाळी होती, केळीचा लोंगर होता. पहिल्या सोमवारी मी ह्यांच्यापुढे भाताचा कण ठेवला नाही. सकाळी आंबे ठेवले. दुपारी गरे. तिसऱ्या प्रहरी शहाळं आणि आतलं खोबरं, त्याला गूळ लावून. दिवेलागणीला पुन्हा आंबे, कारण पोटात अन्न नाही म्हणून सासूबाईंचा जीव वरखाली होत होता.

“खा रे पोटभर,” त्या म्हणायच्या. “आंबा काय भात हाय? फळ ता फळ.”

ह्यांनाही ते पटलं. इतके महिने दाबून ठेवलेली भूक होती, तिला आता डॉक्टरचीच परवानगी मिळाली. हे मांडी घालून बसायचे, बाठे चोखून चोखून पांढरे करायचे, कोपरापर्यंत ओघळलेला रस पुसायचे आणि समाधानानं म्हणायचे, “उपास बरा झाला आज.” आणि उपास झाला म्हणजे तो सोडायचा आलाच. दुसऱ्या दिवशी सकाळी भात, वरण, वडे, खीर. आमच्याकडे उपवास कोरड्या घासानं कधी कुणी सोडला नाही. तसं केलं तर देवालाही बरं वाटत नाही, असं सासूबाईंचं म्हणणं. ह्यांना उपास इतका मानवला की दोनाचे चार दिवस कधी झाले ते कळलं नाही. जेवताना बाईचं नाव निघायचं बंद झालं. मी मनातून किती फुलले ते माझं मला ठाऊक. चूल पुन्हा माझी झाली. गालांवर पूर्वीची गोलाई आली, तर मी ती शेजारणीला बोलावून दाखवली.

मे संपत आला. हे बंदरावर परतीच्या बोटीची चौकशी करायला गेले. यायला उशीर झाला. मी अंगणाच्या टोकाशी जाऊन पाहिलं, तर हे चढणीवरच्या त्याच गडग्यावर बसलेले. एक हात छातीवर. मी धावले. डोकीवरचा पदर कुठे होता ठाऊक नाही. ह्यांनी हातानंच थांब म्हटलं, बोलायला श्वास नव्हता. मी शर्टाची बटणं सोडली. करगोटा पोटात रुतून खाली लाल वळ उठला होता. तो मी दातांनी तोडला. ज्या दोऱ्याचा मी महिनाभर राग केला, तो तुटल्याचा आनंद मला झाला नाही.

दोन दिवसांनी दारात बैलगाडी थांबली. एक बाई उतरली. पिकलेले केस, आडवं अंग, उतरता उतरता धाप लागलेली. मालगुंडला भाचीच्या लग्नाला आली होती, आता बोटीसाठी परत निघाली होती. “घर हेच काय?” तिनं ह्यांचं नाव घेऊन विचारलं, आणि मला कळलं की ही ती.

मी मनात उंच, गोरी, खणाच्या चोळीतली बाई उभी केली होती. ही तर सासूबाईंपेक्षा जाड होती. तरी माझा जळफळाट कमी झाला म्हणाल तर नाही. ओटीवर हे बसले होते, शनिवार होता, पुढ्यात आंब्यांची पाटी. तिला बघून हे शाळेतल्या पोरासारखे दचकले. मला बघून कधी दचकले होते?

“हे काय?” ती म्हणाली.

“फळांवर आहे,” हे म्हणाले.

तिनं पाटीकडे पाहिलं, बाठ्यांच्या ढिगाकडे पाहिलं आणि हसायलाच लागली. हसता हसता खांबाला धरून बसली. “अरे देवा! फळं म्हंजे एखादं मोसंबं, एखादं केळं. डॉक्टराला काय ठाऊक हा माणूस रत्नागिरीचा हाय ता!”

सासूबाई म्हणाल्या, “हशाला काय झाला? पोटभर फळंच खातो तो.”

“म्हातारे, एवढ्या आंब्यात दोन पायली भाताची चरबी हाय गो.” मग तिनं ह्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि तिचं हसू गेलं. “पुन्हा धाप लागली काय?” मी सांगितलं. गडग्याचं सांगितलं, करगोट्याचं सांगितलं, आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं, “तुमचं ऐकतात. आमचं कोण ऐकतो?”

मला वाटलं ती मिरवेल. ती मला आत स्वयंपाकघरात घेऊन गेली. सासूबाई मागोमाग आल्या. ती चुलीपाशी बसली आणि म्हणाली, “माझा नवरा असाच होता गो बाय. त्यालापण सांगितलं होतं डॉक्टरानं. मी ठरवायची, आज नाय वाढायचं. पण त्यानं ताट पुढं केलं की माझा हात थांबायचा नाय. माझ्या हातचं खाऊन गेला तो. आता खानावळीत माणसांना पुरे म्हणते, त्यात माझं काय जातं? परक्याला पुरे म्हणायला जीव लागत नाय.”

सासूबाई ऐकत होत्या. त्या उठून बाहेर गेल्या, ह्यांच्या पुढ्यातली आंब्यांची पाटी उचलली आणि शेजारी देऊन आल्या.

बाईला मी चहा दिला. जेव म्हटलं, पण तिला बोट गाठायची होती. गाडी वळणाआड जाईपर्यंत हे अंगणात उभे होते आणि मी ह्यांच्याकडे बघत उभी होते. तिचं बोलणं मला पटलं होतं, आणि ती मला अजूनही आवडत नव्हती. चार दिवसांनी हे परत तिच्याच पंगतीला बसणार होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मूठभर भात वाढला, एक बांगडा आणि वर थोडं तिखलं. ह्यांनी ते संपवलं आणि ताट पुढे केलं. वर्षभर मी ज्याची वाट बघते तेच ते पुढे झालेलं ताट. मी टोपावर झाकण ठेवलं आणि झाकणावर हात ठेवून बसले.

“वाढ गो.”

“पुरे.”

ह्यांना वाटलं मी थट्टा करते. मग माझं तोंड बघून म्हणाले, “बाईनं पढवलं वाटतं.”

ते मला सुरीसारखं लागलं. माझा ‘पुरे’सुद्धा तिच्याच खाती! मी म्हटलं, “बाईनं नाय. मला रंडकी व्हायचं नाय म्हणून.”

सासूबाई ओरडतील असं मला वाटलं होतं. त्या खाली बघून आपला भात कालवत राहिल्या. हे ताटावरून उठले. हात धुतला तो असा की तांब्या अंगणात गेला. मला वाट्टेल ते बोलले, उपाशी मारतेस म्हणाले, महिनाभरासाठी येतो तर ही गत म्हणाले, आणि ओटीवर जाऊन बसले. मी माझं जेवण उरकलं. इतक्या वर्षांत हे माझ्यावर एवढे कधी रागावले नव्हते.

दिवे लावल्यावर मी ओटीवर गेले. हे भिंतीला टेकून बसले होते. मी म्हटलं, “बाई तुम्हाला रोज पुरे म्हणते ना?”

ह्यांनी मान हलवली.

“तिच्यावर रागावलात कधी? तांब्या फेकलात?”

ह्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं.

“तिच्यावर कशाला रागवू?” हे म्हणाले. “ती माझी कोण?”