गिरगाव ते नायगाव: दादाशी कोण जुळणार?

एरवी मी इथे किल्ल्यांबद्दल लिहिते. ही भटकंती मात्र कापसाच्या काड्यांची. दादाला रक्ताचा कॅन्सर, परळच्या एका हॉस्पिटलात दाखल, आणि त्याला कुणाच्या तरी स्टेम सेल्स हव्या होत्या. माझ्या जुळल्या नाहीत, सख्खी बहीण असून! डॉक्टरीणबाईंनी समजावलं, आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लग्नं आपापल्यातच झालेली, त्यामुळे एकाच गावातल्या दोन वाड्यांच्या रक्तातल्या खुणाही वेगळ्या असू शकतात. "गावच्या लोकांपासून सुरुवात करा, पण तिथेच थांबू नका." मी वाक्याचा पहिला भाग तेवढा ऐकला.

शनिवारी पुण्याहून दादरला उतरले, दादाला काचेतून हात केला आणि गालातून नमुना घ्यायच्या काड्यांची पाकिटं घेऊन बसने गिरगाव गाठलं. आमच्या कणकवलीकडच्या गावाच्या मंडळाची तिथे चाळीत खोली आहे. नोकरीसाठी आलेला गावकरी अजूनही आधी तिथेच बॅग टेकवतो. सेक्रेटरी बापूकाकांनी पोरं जमवली होती, पण सगळ्यांना वडे-चहाही दिला होता. खाल्ल्यावर अर्धा तास गालात काडी फिरवता येत नाही! मी येरझाऱ्या घालत राहिले.

"बस गो जरा. रगत खंय पळान जाता?" काका म्हणाले. मला रडूच आलं. तुम्ही असा कॅम्प लावलात तर आधी चहा बंद करा.

मंडळाची यादी घेऊन दुपारी लालबागला. मसाल्याच्या गल्लीत ठसका लागून जीव गेला. यादीतल्या मालनमावशींच्या दोन्ही मुलांनी गालात काड्या फिरवून दिल्या. मावशी सहज म्हणाल्या, "नायगावाक गेलंस? बौद्धवाडीतले सगळे थंयच असत."

यादी पुन्हा वाचली. बौद्धवाडीतलं एकही नाव नव्हतं. काकांना फोन केला तर म्हणाले, "अगो, ती यादी मंडळाची."

मावशींकडून पत्ता घेऊन टॅक्सीने नायगाव. बीडीडी चाळीतून नव्या टॉवरमध्ये गेलेल्या सुजाताताई शाळेत शिकवतात. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"मंडळाने वर्गणीसाठीही कधी आमचं दार वाजवलं नाही. आज लाळ मागायला आलात?"

मला लाज वाटली. इतकी वर्षं ती यादी घरात होती आणि मला कधी काही खटकलं नव्हतं. "चुकलंच," एवढंच म्हणाले.

ताईंनी समोरचा चहा बाजूला सारला. "अजून प्यायले नाहीये. दे काडी." मग मजल्यावरच्या प्रत्येक दारावर त्यांनी स्वतः टकटक केली.

पुण्यात परतल्यावर मी यादीत नायगावची नावं घालून काकांना पाठवली. अजून उत्तर नाही. दादाशी कुणी जुळतंय का, याची वाट बघताना फोन हातातून सुटत नव्हता.

काही आठवड्यांनी हॉस्पिटलातून फोन आला. दाता सापडला. कोण, कुठला, हे नियमाने सांगत नाहीत. आईने लगेच दादाला व्हिडिओ कॉल लावला.

"आपल्यातलाच असेल ना रे?"

दादाने मास्क खाली घेतला. "आता झाला, आई."