दोन पाळ्यांच्या मोटारी

राजेंद्र नगरात आमच्या शेजारी एक सुतार राहायचा. तो कामाला होता ती मिल बंद पडल्यावर तो ओट्यावर बसून खेळण्यातल्या लाकडी रेसच्या मोटारी करू लागला. सवय मात्र मिलचीच राहिली. सकाळच्या पाळीत तो छोट्या मोटारी करायचा. त्या राजवाड्यावरच्या बाजारात पटापट खपायच्या. दुपारी हात धुऊन, सदरा बदलून तो दुसऱ्या पाळीला बसायचा. त्या पाळीत आठवडाभर एकाच मोठ्या मोटारीचं काम चालायचं. तिचं स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं खरोखर वळायची.

मोठी घेणारं क्वचितच कोणी यायचं. एकदा त्याची बायको माझ्याजवळ रडली, तेव्हा मी जाऊन सुनावलं, "भिया, मोठीचा नाद सोडा. दोन्ही पाळ्यांत छोट्याच करा."

"काकू, छोटी तो पेट के लिए है," तो हसून म्हणाला. "मोठी सोडली तर मी कारीगर कसला?"

"कारीगरी ताटात वाढता येत नाही."

दुसऱ्या दिवसापासून नुसत्या छोट्या होऊ लागल्या. घर सावरलं, हे खरं. पण तो सदरा बदलेनासा झाला, आणि काम करताना हातांकडे बघेनासाही.

दिवाळीआधी मला राहवलं नाही. म्हटलं, "नातवासाठी एक मोठी करून द्या."

"मोठीचे साचे नाहीत, काकू. तुम्ही बोललात त्याच दिवशी बंबात घातले. समोर असते तर हात तिकडेच गेला असता." मग त्यानं विचारलं, "छोटी देऊ? लाल आहे."

मी छोटी घेतली.