शेवट घरी

पुस्तक घेतलं की आपण पहिलं पान उघडतो. काका शेवटचं उघडायचे. मागची आठ-दहा पानं अंगठ्याने चाचपायचे, खिशातली स्टीलची पट्टी त्यांवर दाबून धरायचे आणि टर्रकन फाडायचे. पानं खिशात, पुस्तक पिशवीत. "शेवट घरी," म्हणायचे.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी किंचाळलेच. दापोडीत माझं जुन्या पुस्तकांचं दुकान आहे. पानाचा कोपरा दुमडलेला दिसला तरी माझा जीव कळवळतो. आणि पिंपरीच्या कारखान्यातून रिटायर झालेला, इस्त्रीच्या शर्टातला हा शांत माणूस माझ्यादेखत एका रहस्यकथेचा गळा चिरत होता!

"अहो काका, काय करताय हे?"

"विकत घेतलंय ना ताई? मग ओरडताय कशाला?"

मग हळूहळू कळलं. मुलगा मालवाहू जहाजावर, इंजिनात कामाला. आई गेल्यापासून त्याचं घरात मन लागेना. एक करार संपला की दुसरा, मधली सुट्टीसुद्धा मुंबईत मित्रांकडे. वाचनाचं वेड मात्र लहानपणापासूनचं. रावेतचा एक जण त्याच कंपनीत होता. त्याच्या ओळखीने, जहाजावर चढणाऱ्या कुणा ना कुणाबरोबर काका पुस्तकं धाडायचे. शेवट काढून. आणि असल्या जुन्या रहस्यकथांचा शेवट मोबाईलवर कुठला सापडायला!

"निदान खून कुणी केला ते तरी कळू द्या त्याला," मी म्हणायची.

"खुनी आपल्या घरात बसलाय. ये म्हणावं भेटायला."

तुम्ही हसाल. मीही हसले होते. पण पोरगा खरंच आला की! दुसऱ्या दिवशी सांगताना काकांना हसू आवरत नव्हतं. "बूट काढायच्या आधी विचारतो, पप्पा, पानं कुठायत? म्हटलं, आधी आंघोळ कर, जेव. मग दिली डाळीच्या डब्यातून काढून." तेव्हापासून तो दर सुट्टीला दापोडीला येऊ लागला. मीही ओरडायचं सोडलं.

गेल्या उन्हाळ्यात काकांनी एक जाडजूड रहस्यकथा निवडली आणि तशीच पिशवीत टाकली.

"पट्टी विसरलात? माझी घ्या."

"राहू द्या ताई. हे पूर्ण जाऊ दे."

"अगं बाई, काका सुधारले!" मी टाळीच वाजवली. तेही हसले. जरा वाळल्यासारखे दिसत होते, पण उन्हाळ्यात कोण वाळत नाही?

काही आठवड्यांनी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज तुटत होता. पुस्तकावरच्या दुकानाच्या शिक्क्यावरून त्याने नंबर घेतला होता.

"ताई, मी बोटीवरनं बोलतोय. माझे पप्पा तुमच्याकडनं पुस्तकं घेतात ना?"

"हो रे, बोल की!"

"या पुस्तकात शेवट आहे."

"मग बरंच झालं," मी हसत म्हटलं.

"पप्पा फोन उचलत नाहीत. काय झालंय त्यांना?"

शटर अर्धवट ओढून मी धावत सुटले. काकांच्या दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "कालच दवाखान्यात नेलं. कॅन्सर होता, कधीचा. पोराला कळवू नका म्हणून शपथ घातलेली आम्हाला."

मी तिथेच पायरीवर बसले. पानं काढून द्यायला घरात आपण नसणार, हे त्यांना दुकानात उभं असतानाच ठाऊक होतं. आणि मी टाळी वाजवली होती.

मुलगा पुढच्या बंदरात उतरला. पोचला तोवर सगळं आटोपलं होतं. नंतर एकदा तो दुकानात आला, तेच जाड पुस्तक घेऊन. त्याने ते टेबलावर ठेवलं.

"परत घ्या."

"अरे, त्यांनी धाडलेलं शेवटचं आहे. असू दे तुझ्याकडे."

"नको ताई," तो म्हणाला. "मला पूर्ण नको होतं."